भाषेची अट असलेलं घर

गॉलवे शहरातून समुद्राच्या कडेकडेनं पश्चिमेला निघालं की बारना लागतं, आणि थोडं पुढे गेलं की रस्त्यावरच्या पाट्यांवरून इंग्रजी नाहीसं होतं. आयर्लंडच्या बेटावर जिथे आयरिश अजून घरात बोलली जाते, त्या पट्ट्यांना गेल्टाक्ट म्हणतात. घर शोधत होतो तेव्हा या रस्त्यावरची एक नवी वसाहत आम्हाला फार आवडली होती. एजंटनं आराखडा पसरला आणि काही घरांवर बोट ठेवून सांगितलं, ही धरू नका, ही आयरिश येणाऱ्यांसाठी राखीव आहेत. गेल्टाक्टात बांधकामाला परवानगी देतानाच काउंटी कौन्सिल अशी अट घालू शकतं. घेणाऱ्यानं भाषा येते हे परीक्षा देऊन दाखवायचं, आणि ती अट पुढची पंधरा वर्षं त्या घराला लागू राहते.

रात्री दादाला फोनवर हे सांगितलं. त्याचं आमच्या बेळगावात, उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी. कर्नाटकानं २०२४ मध्ये कायदा बदलून पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं केल्यावर त्यानं नुकतीच नवी पाटी रंगवून घेतली होती. "आणि तू गप बसून ऐकून घेतलास?" तो म्हणाला. "हितं पाटीचं कळलं तसं तिकडनं दहा मेसेज टाकलास. तिथं भाषा येत नाही म्हणून घर दीनात, तर त्याला चांगलं धोरण म्हणुलालास?"

प्रश्न रास्त होता. मला त्या अटीचा खरंच राग आला नव्हता, आणि पाटीच्या कायद्याचा अजूनही येतो. यात दुटप्पीपणा किती आणि तारतम्य किती, हे तपासायला हवं.

आधी आकडे. आयरिश ही या देशाच्या घटनेनुसार पहिली अधिकृत भाषा. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोकांनी ती येते असं लिहिलं. पण शाळेबाहेर रोज बोलणारे किती, तर जेमतेम ७२ हजार. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढे. त्यांच्या वस्तीत माझ्यासारखी बाहेरची पाचशे कुटुंबं आली, की दहा वर्षांत किराणा दुकानातली भाषा इंग्रजी होणार आणि मग ती भाषा जायला दुसरी जागाच नाही. घराची ती अट या भीतीतून आली आहे आणि भीती खरी आहे. उलट २०११ च्या जनगणनेत मातृभाषा कन्नड सांगणारे ४ कोटी ३७ लाख आहेत आणि मराठी ८ कोटी ३० लाख. बेळगावात दोन धट्ट्याकट्ट्या भाषा एकमेकींना घाबरून बसल्या आहेत. उद्यमबागेतल्या एका पाटीनं कन्नड जगणारही नाही आणि मरणारही नाही.

मग बेळगावात लहान कोण? ते जागेवरून ठरतं. खानापूरच्या कचेरीत खिडकीपुढे उभा राहिलेला मराठी शेतकरी लहान. आणि हे आपल्याकडे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण अक्कलकोट किंवा जतच्या कचेरीत उभा असलेला कन्नड शेतकरीही तितकाच लहान. कायद्यानं उभं राहायचं असेल तर यांच्या बाजूला राहावं. पाटीचा कायदा बरोबर उलटं करतो. जो राज्यात आधीच मोठा आहे त्यालाच तो आणखी मोठ्या अक्षरांत लिहायला लावतो.

सक्तीनं भाषा रुजते का, याचाही हिशेब या बेटानं मांडून ठेवला आहे. १९७३ पर्यंत इथे आयरिशमध्ये नापास म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेतच नापास, मग बाकी विषयांत कितीही मार्क असोत. सरकारी नोकरीलाही तीच अट होती. आमच्या शेजारचे आजोबा त्या पिढीतले. इतकी वर्षं शाळेत आयरिश शिकून आज त्यांना धडपणे एकच वाक्य येतं, "मी लघवीला जाऊ का?" कारण ते आयरिशमध्ये विचारल्याशिवाय मास्तर सोडायचे नाहीत. हे वाक्य इथे कुणालाही विचारा, सगळ्यांना पाठ आहे. माझी मुलगी गेल्या आठवड्यात तेच शिकून आली आणि कुंपणाअलीकडून तिनं ते आजोबांना म्हणून दाखवलं. आजोबा हसून हसून लाल झाले.

आणि याच्यासमोर आपली बेळगावची रविवार पेठ. गुळाचा अडत्या बैलहोंगलच्या शेतकऱ्याशी कन्नडात भाव करतो, मागे वळून हमालाला मराठीत हाक मारतो आणि बाकी हिशेब हिंदीत सांगतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही, धंद्यानं शिकवलं. मलासुद्धा कन्नड बोलायला आलं ते गल्लीत क्रिकेट खेळून. शाळेतल्या कन्नडाच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर बसत होतो. कन्नडची सक्ती झाली म्हणून जून १९८६ मध्ये लोक रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं गेली, आणि दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकाशी गर्दी जमते. त्यातले कित्येक जण बाजारात अस्खलित कन्नड बोलणारे असतात, हे बेंगळुरूला कधी उमगलं नाही.

पाट्यांवरून इथेही भांडणं झाली आहेत. केरी काउंटीत डिंगल नावाचं बंदर आहे, पर्यटकांचं लाडकं. ते गेल्टाक्टात येतं म्हणून २००५ मध्ये सरकारनं अधिकृत पाट्यांवरून 'डिंगल' काढलं आणि फक्त आयरिश नाव ठेवलं. गावकऱ्यांनी पाट्यांवर स्वतःच 'डिंगल' लिहिलं, चिकटवलं. २००६ मध्ये गावात मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी दोन्ही नावं असलेला पर्याय निवडला आणि २०११ मध्ये कायदा बदलून तो मान्य झाला. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी पोलिसांनी काढली, गावानं ती परत उभी केली, तेव्हा घराघरांत शिरून लाठीमार झाला. दोन्ही पाट्यांवरची मागणी सारखी नव्हती, हे मान्य. गावाला राज्य निवडायचा हक्क डिंगलनंही मागितला नव्हता. पण पाटीवर रंग फासणाऱ्या डिंगलकरांना कुणी घरात घुसून मारलं नाही, आणि शेवटी गावाला विचारलं गेलं. येळ्ळूर १९५६ मध्ये कर्नाटकाकडे गेलं, तेव्हापासून आजवर त्याला कुणी विचारलेलं नाही.

बरं, या बेटावरची सीमाही आपल्याइतकीच ठसठसणारी. १९२१ मध्ये बेट तोडलं, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. टायरोन आणि फर्मॅना या काउंट्यांत बहुसंख्य लोकांना दक्षिणेत यायचं होतं, पण त्या उत्तरेत गेल्या. सीमा आयोग बसला, १९२५ मध्ये त्याचा अहवाल दडपला गेला आणि होती तीच रेषा कायम झाली. तो अहवाल छापून बाहेर यायला १९६९ उजाडलं. आपल्या सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ चा. त्यानं निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं. महाराष्ट्रानं ते नाकारलं आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे तर उत्तरेतल्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेली, मग ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९८ चा करार झाला. त्यात सीमा तसूभरही हलली नाही. उत्तरेत जन्मलेल्याला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही पासपोर्ट घ्यायची मुभा मिळाली. दक्षिणेनं घटनेतला सगळ्या बेटावरचा दावा मवाळ केला, पण एक होण्याची इच्छा पुसली नाही. पुढे कधी बहुमत झालं तर मतदानाची वाट ठेवली. आज उत्तरेतल्या डेरीला जाताना सीमा ओलांडल्याचं कळतं ते वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे ट्रक फोडले, तेव्हा आई कोल्हापूरला मावशीकडे अडकून पडली होती.

इथल्या आमच्या मराठी मंडळींत पुण्या-मुंबईचे बरेच. गणपतीला जेवताना कुणीतरी हटकून म्हणतो, "अरे, काय राहिलंय आता त्या सीमावादात? जग कुठे चाललंय!" या माणसाला स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागलेला नसतो. दुसरा प्रकार आमच्याच भागातून आलेल्यांचा. हे शेकोटीशी बसून १ नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, काळी फीत लावलेला फोटो टाकतात आणि गावच्या पोरांना चिथावतात. केस पोरांवर होतात. या दोघांपासून मी चार हात लांबच बसतो.

घर शेवटी शहराच्या हद्दीत मिळालं, अट नसलेलं. तिथल्या गमती वेगळ्या. गरम पाण्याच्या बटणाला 'सिंक' आणि 'बाथ' अशा दोन जागा आहेत, आणि बाथवर चालू ठेवून बाहेर गेलं तर अख्खा देश तुम्हाला उधळ्या म्हणतो. खिडक्या घट्ट लावल्या तर भिंतीला बुरशी धरते, उघडल्या तर पैसे खर्चून तापवलेली हवा जाते. वास्तुशांतीचं होमहवन रद्द केलं, कारण सगळ्या खोल्यांतले धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले आहेत, एक वाजला की सगळे वाजतात. मग फक्त दूध उतू घालायचं ठरलं. ही चाल कन्नड घरांतून आमच्याकडे आली की आमच्याकडून तिकडे गेली, यावर अजून कुठला आयोग बसलेला नाही. आई व्हिडिओ कॉलवर होती. दूध वर आलं, काठावरून खाली ओघळलं, आणि इंडक्शननं दोनदा शिटी मारून स्वतःला बंद करून घेतलं. "उतू गेलं न्हवं? मग झालं," आई म्हणाली.

मला बेळगावसाठी काय हवं, ते दादाला मी असं सांगितलं. दावा दाव्याच्या जागी चालू दे, त्याला पन्नास वर्षं लागोत. पण एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असले, तर महत्त्वाची सरकारी सूचनापत्रकं त्यांच्या भाषेतही काढावीत, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं हे घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये आहे. तेवढ्यावर सगळा जोर लावावा. उतारा, पंचायतीची नोटीस, दवाखान्यातला फॉर्म. आणि महाराष्ट्रानं तेच अक्कलकोट-जतच्या कन्नड लोकांना आधी देऊन टाकावं, कुणी मागायची वाट न बघता. मग बेंगळुरूला सांगायला तोंड राहील.

दादाला हे पटलं नाही. "कागद मराठीत दिले की उद्या कोर्टात म्हणतील, बगा, हे सुखात हाईत, आता कशाला पायजे महाराष्ट्र?" तो म्हणाला. मी त्याला १९९८ चं उदाहरण दिलं, इच्छा लिहून ठेवता येते म्हणालो. "तिथं दोन देश सही करून गेले," तो म्हणाला. "हितं सही कोण करणार, त्याचं नाव सांग." गेल्या साठ वर्षांतले दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री मनातल्या मनात मोजत मी बराच वेळ गप्प होतो. शेवटी त्यानंच विषय बदलला आणि बॉयलरला महिन्याला किती रॉकेल लागतं ते विचारलं.