मामा, जरा नीट मरा!

कोल्हापुरात एप्रिल महिन्यात रिकामी गच्ची मागणं म्हणजे दिवाळीत रिकामा हलवाई शोधणं. भाच्याला कुंगफूचा लघुपट काढायचा होता, आणि ताईच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पापड, कुरडया आणि सांडगे उन्हं खात पडले होते. ताई काठी घेऊन कावळ्यांवर लक्ष ठेवून. तिनं आधीच बजावलं, "हाणामाऱ्या करा, खून पाडा, काय ते करा. एक कुरडई मोडली तर रात्रीचं जेवण बाहेर बघायचं."

दुसरा कोणी असता तर मैदानावर गेला असता. भाच्याचे डोळे चमकले. "मामा, हीच आपली फाइट! सगळी मारामारी वाळवणातनं, पण एकही पापड मोडायचा नाही." मग त्यानं मला मोबाइलवर 'फर्स्ट स्ट्राइक'मधली जॅकी चॅनची शिडी दाखवली. १९९६ सालचा सिनेमा. साधी घडीची शिडी, पण तो तिच्यातून शिरतो काय, ती अंगाभोवती फिरवतो काय! जागा अडचणीची आणि हाताशी असेल ते हत्यार, मग मारामारीला चव येते, हे भाच्याचं तत्त्वज्ञान. मला ते पटलं, कारण तोवर मला माझी भूमिका सांगितली नव्हती.

नायक व्हायला गल्लीतली झाडून सगळी पोरं तयार होती. मार खायला एकही नाही. "मामा, तुम्हाला मिशा आहेत," एवढ्या एका गुणवत्तेवर मी खलनायक झालो.

सल्ल्याला मर्दानी खेळाचे एक वस्ताद बोलावले. दांडपट्टा, लाठी, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, सगळ्यात हात साफ. आमची तालीम बघून ते म्हणाले, "ह्यो मार न्हाई, ह्यी ओवाळणी चाललीया." आणि त्यांनी लाठीचा एक वार करून दाखवला. वारा कापल्याचा आवाज आला. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "काका, काहीच दिसलं नाही. परत करा, हळू." वस्तादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सेकंदाला २४ चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला खरा वार म्हणजे नुसता फराटा. १९६६ च्या 'ग्रीन हॉर्नेट' मालिकेत खुद्द ब्रूस लीलाही हात आवरायला लावला होता म्हणतात. हे सांगितल्यावर वस्तादांनी, "त्यो आवरला व्हय?" असं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग लाठी जरा सबुरीनं फिरवली.

एक गोष्ट मला तिथं कळली. पडद्यावरच्या मारामारीत मारणाऱ्याला फारसं काम नसतं. त्याची बुक्की गालापासून चांगली वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागून बघत असल्यानं कॅमेऱ्याला ते अंतर कळत नाही. खरी बुक्की खाणाऱ्याच्या मानेत असते. मान आधी फिरली तर फिट आल्यासारखं दिसतं, उशिरा फिरली तर माणूस विचार करून पडला असं वाटतं. बँकेच्या काउंटरवर माझा जन्म गेलाय. आपण न केलेल्या गुन्ह्यासाठी चेहरा पाडायचा सराव दांडगा. पहिल्याच बुक्कीला कॅमेरावाला "वा मामा!" म्हणाला.

पण पडायचं कुठं? दोन साड्यांच्या मधे जेमतेम एका चपलेची वाट. नायकाच्या हातात ढाल म्हणून पोळपाट, माझ्या हातात सोऱ्या. त्यानं कपडे वाळत घालायची दोरी ताणून सोडली, ओली सतरंजी माझ्या तोंडावर बसली आणि त्यातला एक चिमटा मिशीला धरून राहिला. ते पटकथेत नव्हतं, पण भाच्यानं ठेवलं. मग मी एका पायावर गिरकी घेऊन, पोट आत ओढून, सांडग्यांना वळसा घालत त्या वाटेवर आडवा व्हायचं. ताई काठी उगारून, "डावा हात! डावा हात वर घे!" असं ओरडत होती. दिग्दर्शन खरं तिनंच केलं. भाचा आपला अधूनमधून, "मामा, जरा नीट मरा ना," एवढंच.

आवाज नंतर, स्वयंपाकघरात. बुक्कीला ओल्या टॉवेलात गुंडाळलेली उशी. हाडं मोडायला परदेशात सेलरीची जुडी मोडतात, आम्ही शेवग्याच्या शेंगा घेतल्या. माझ्या बरगड्या कडाकड मोडल्या आणि रात्री त्यांची आमटी झाली. चांगली झाली होती.

गणपतीत मंडळाच्या पडद्यावर सिनेमा लागला. नायकाच्या उड्यांना टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण बरगड्या मोडलेला मी कोसळता कोसळता एका पापडाची कड सरळ करतो आणि मग प्राण सोडतो, तिथं बायकांच्या बाजूनं जो हशा उठला, तो बराच वेळ थांबेना. दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरायला आलेल्या आजी म्हणाल्या, "छान मेलात हो."

आता दुसऱ्या भागाची जुळवाजुळव चाललीय आणि भाचा डोक्याला हात लावून बसलाय. संध्याकाळ झाली की गल्लीतली पोरं कट्ट्यावरून, जिन्यावरून, सायकलवरून पडून दाखवतात. "मामा, ह्यो कसा वाटला?" मारायला मात्र कुणी तयार नाही. शेवटचा उपाय म्हणून तो परवा वस्तादांकडे गेला, तुम्हीच नायक व्हा म्हणाला. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

"नायक कुणालाबी कर. मला मराय काय हाय का, ते सांग."