‘सपाट नागपुरात उंच गाडी कशाला?’ : गिअरबॉक्स यांना उत्तर

मागच्या रविवारी ‘आम्ही छोटी एसयूव्ही का घेतली’ ही पोस्ट टाकली होती. कॉलनीतली, सकाळी फिरायला भेटणारी आणि सासुरवाडीकडची मिळून १४ घरं. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, बाप्पा ही गाडी काऊन घेतली? आणि जे सांगितलं ते लिहून काढलं. गाड्यांची नावं मुद्दाम टाकली नव्हती. नाव टाकलं की खाली दोन फौजा भिडतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

त्यावर ‘गिअरबॉक्स’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. ती खाली आहेच, पण खाली जाऊन वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी गाभा इथे देतो.

“काका, गाडी घेऊन झाल्यावर मालकाला विचारलं तर तो आपण शहाणेच होतो असं सांगणार. हॅचबॅकला स्टूल लावून एसयूव्ही म्हणून विकतात आणि तुम्ही लोक घेता. शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेतली, असं १४ पैकी एकानं तरी कबूल केलं का? मी मूळचा नागपूरचाच आहे, आता पुण्यात असतो. नागपूर सपाट आहे. तिथे ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) दाखवायला लागतो, वापरायला नाही. आणि चार मीटरचा नियम जीएसटीनं आणलेला नाही, तो २००६ चा आहे. जरा वाचून लिहीत जा.”

आधी ‘काका’. वय माझं साठीला आलं आहे, काका म्हणवून घ्यायला काही हरकत नाही. माझे पुतणेही म्हणतात. पण पुतणे घरी येतात, चहा घेतात, तब्येत विचारतात, मग माझी चूक काढतात. तुम्ही चहाच्या आधीच सुरू झालात. ‘तुम्ही लोक’ हेही मला कळलं नाही. कोण लोक? पेन्शनवाले? नागपूरकर? की गाडी घेताना तुमचा सल्ला न घेतलेले सगळेच?

आता तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे काका हट्टी आहेत असं म्हणायला जागा राहणार नाही. चार मीटरची अट २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली आहे. लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला तेव्हा उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा तीच मोजपट्टी पुढे चालू राहिली. मी ‘जीएसटीमुळे’ लिहिलं, ते ‘जीएसटीतही’ असं हवं होतं. पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे.

पण हा नियम तुमच्या बाजूनं बोलतो कुठे? तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. बाजारातल्या या गाड्यांची लांबी काढून पाहा, बहुतेक ३,९९० ते ४,००० च्या मध्ये येऊन थांबतात. ब्रेझा ३,९९५, व्हेन्यू ३,९९५, सोनेट ३,९९५. हा काही योगायोग नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून तर छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के असा सरळ दुभाग झाला. पेट्रोल ब्रेझाचं इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून लांबी आत असूनही ती ४० मध्ये जाते, हे मी त्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते तुम्हाला दिसलं नाही. चूक तेवढी दिसली. मालकानं कराचा हिशेब करून गाडी घेतली तर तो भुलला असं म्हणायचं, की त्यानं आकडेमोड केली असं म्हणायचं?

आता ‘सपाट’.

हे वाक्य मला लागलं, लपवत नाही. ३४ वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली. त्यातली बरीचशी गोसीखुर्दच्या कालव्यांवर, पवनीकडच्या उन्हात, डोळा लेव्हलच्या (जमिनीचा चढउतार मोजायच्या दुर्बिणीच्या) नळीला आणि समोर स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, धरलेला माणूस. जमीन सपाट आहे की नाही हे मी नजरेनं ठरवत नाही, तशी सवयच राहिलेली नाही. तुम्ही मूळचे नागपूरचे म्हणता. मग सीताबर्डीच्या दोन टेकड्या तुमच्या लहानपणी कुठे गेल्या होत्या? १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि इंग्रज त्या टेकड्यांसाठीच लढले, सपाट मैदानासाठी नाही. टेकडी गणपतीला काय आपण प्रेमानं टेकडी म्हणतो? सेमिनरी हिल्स, रामगिरी, रवी भवनाचा चढ? नाग नदी पश्चिमेला अंबाझरीकडून निघून शहर ओलांडत पूर्वेला जाते, ती उतार असल्याशिवाय कशी जाईल? पुण्यातली टेकडी ती टेकडी आणि आमची तो मुरमाचा ढीग, असा काही नियम असेल तर तो कोणत्या अर्थसंकल्पात आला तेही वाचून सांगा.

अर्थात गाडीला सेमिनरी हिल्स कधीच जड गेल्या नाहीत. जड जातं ते आमचं फाटक.

नागपूरचे रस्ते सिमेंटचे झाले हे तुम्हाला माहीत असेलच. रस्ता चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण अनेक गल्ल्यांत जुना रस्ता पूर्ण न खोदता वर नवा थर आला आणि घरं खाली राहिली. आमच्याकडे मी स्वतः लेव्हल घेतली. रस्त्याच्या कडेपासून पोर्चच्या फरशीपर्यंत ३६ सेंटिमीटरचा फरक. उताराला जागा १.३ मीटर, कारण पुढे लगेच पोर्चचा खांब. म्हणजे साधारण साडेपंधरा अंशांचा उतार, आणि तोही असा की पुढचं चाक खाली गेलं, मागचं अजून रस्त्यावर, आणि पोट बरोबर कडेवर.

हे पोट टेकणं म्हणजे काय ते लिहितो, कारण तुमचा सगळा ‘दाखवायचा’ ग्राउंड क्लिअरन्स इथेच वापरला जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितकं जास्त आणि पोट जितकं खाली, तितका कमी कोनाचा उंचवटा गाडी ओलांडू शकते. २,६०० मिलिमीटर व्हीलबेस आणि १६५ क्लिअरन्सची सेडान साडेचौदा अंशांच्या आसपास टेकते. २,५०० आणि २०५ वाली उंच गाडी साडेअठरापर्यंत जाते. हे आकडे रिकाम्या गाडीचे. चार माणसं आणि दिवाळीचा फराळ घेऊन बसलो की स्प्रिंग दबतात, दोन सेंटिमीटर गेले असं धरा, तरी उंच गाडी पावणेसतराच्या जवळ राहते आणि माझा उतार पार करते. सेडान पावणेतेरावर येते. माझ्या जुन्या सेडाननं नऊ वर्षं रोज दोनदा आवाज केला, खर्र. शेजारच्या काकू त्या आवाजावरून मी आलो हे ओळखायच्या. एकदा ऑइलचा चेंबर फुटला. मेकॅनिक म्हणाला, साहेब, गाडी बदला नाहीतर घर उचला. घर उचलणारे लोकही आहेत आता नागपुरात, जॅक लावून अख्खं घर वर घेतात. भाव विचारला होता. गाडी स्वस्त पडली.

तुम्ही म्हणाल, मग हॅचबॅक घ्यायची होती, तिचा व्हीलबेस आणखी कमी. बरोबर, तिचाही हिशेब केला. २,४५० आणि १६३ ला पंधराच्या किंचित वर येते, म्हणजे रिकामीसुद्धा काठावर, आई मागे बसली की टेकणार. हे गणित पोस्टमध्ये द्यायला हवं होतं. ‘फाटकाशी गाडी घासत होती’ एवढंच लिहिलं, कारण वाचणाऱ्यांना आर्कटॅन वगैरे नको असतं. तुमच्यासाठी दिलं.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. आमच्या गल्लीतला गणपती मंडळानं एका रात्रीत उरलेल्या सिमेंटचा केला. रुंदी हातभर, उंची त्यांनी मोजलीच नाही. मी मोजली. सांगत नाही, मंडळातली पोरं ब्लॉग वाचतात.

पुराबद्दल तुम्ही शेवटी एक टोमणा मारला आहे, “पुरात एसयूव्ही तरंगते का?” नाही तरंगत. हे मी कधी म्हटलंच नव्हतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. माझा एक जुना सहकारी तिकडेच राहतो. सकाळी त्याच्याकडे पोचलो तेव्हा त्याची उंच गाडी आणि शेजाऱ्याची बुटकी गाडी, दोन्हींच्या सीटवर सारखाच गाळ होता. अशा वेळी चार सेंटिमीटरनी काही होत नाही, आणि पाणी शिरलेली गाडी चालू करून बघणं हा तर शुद्ध वेडेपणा. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमावालेही तोंड वाकडं करतात. मी त्याला चावीला हात लावू दिला नाही, टो करून नेली. तेव्हा पुराचा मुद्दा तुमचाच, घ्या.

‘स्टूल लावलेली हॅचबॅक’ हे तुमचं वाक्य बरं आहे, हसलो. गोसीखुर्दला खात्याची फोर बाय फोर जीप होती, काळ्या मातीच्या चिखलात लो गिअर टाकून कालव्याच्या भरावावर चढायची. खरी तशी गाडी काय असते हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. माझी आताची गाडी पुढच्या दोन चाकांवर चालते, चिखलात रुतेल, मान्य. पण मला स्टूलच हवं होतं.

आई ८१ वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करू देत नाही. तिला महिन्यातून दोनदा धंतोलीला डॉक्टरकडे न्यावं लागतं. सेडानमध्ये बसणं जमायचं, पाठ टाकली की माणूस आत पडतोच. उतरणं जमत नव्हतं. सीट गुडघ्याच्याही खाली, तिथून उठायचं म्हणजे मी समोर उभा राहून दोन्ही हात धरून ओढायचं, मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत. एकदा तिची पाटली दारात अडकून वाकली. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर ती लग्नाकार्याला यायचं टाळू लागली. घरी बरी आहे मी, म्हणायची. नव्या गाडीची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. ती आडवी सरकते, पाय बाहेर काढते, उभी राहते. माझा हात लागत नाही. पहिल्या दिवशी तिनं खात्री करायला तीनदा करून पाहिलं. १४ घरांपैकी सहा घरांनी म्हाताऱ्या माणसाच्या उतरण्याचंच कारण सांगितलं होतं. तुम्ही सहाच्या सहा जणांना ‘शहाणे होतो असं सांगणारे’ या टोपलीत टाकलंत.

बाकीचे मुद्दे पटकन संपवतो. समृद्धीवर सेडान जास्त स्थिर असते: असेल, मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर झाला म्हणून मी रोज जात नाही. मायलेज: शहरात मला १३ च्या आसपास मिळतं, मे महिन्यात ४५ अंशांत एसी पूर्ण उघडला की त्याहून कमी. मी सेडानवाल्यांना का विचारलं नाही: कारण पोस्टचं नाव ‘छोटी एसयूव्ही का घेतली’ असं होतं. सगळ्यांना घेऊन झाल्यावरच का विचारलं: घेण्याआधी विचारलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं की कोणती घेऊ.

राहता राहिलं शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेतली, हे. यावर मी बोलणार नव्हतो. पण सौभाग्यवती हे उत्तर वाचून म्हणाली की टाळलंत तर तो म्हणेल टाळलं. तर ऐका. एका घरानं तसं म्हटलं होतं. “भाऊजींनी घेतली, मग आमची लहान दिसू लागली.” हे वाक्य माझ्या वहीत आहे. पोस्टमधून मी ते गाळलं, कारण ते घर माझ्या साडूंचं आहे आणि त्यातले भाऊजी मी. एवढ्यावरून बाकीच्या १३ घरांबद्दल निष्कर्ष काढू नका. माझ्याबद्दल तर अजिबात नको, मी आधी घेतली होती.

हे लिहून होत असतानाच तुमची दुसरी प्रतिक्रिया आली. ती अजून अडवून ठेवली आहे. उतार मोजायला नागपूरला येतो म्हणता, जरूर या, टेप माझ्याकडे आहे आणि चहा तेव्हाच होईल. पण त्यात माझ्या गल्लीला ‘बोळ’ म्हटलं आहे. तेवढं बदलून पुन्हा टाका, लावतो.