बंदूक मेली तरी घरात राहू द्या

बंदुकांच्या बंदीवरून आमच्या इथल्या, म्हणजे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या मराठी ग्रुपवर सध्या चांगलीच जुंपली आहे. एक गट म्हणतो, सरकार घरात घुसतंय. दुसरा म्हणतो, सभ्य माणसाला बंदूक लागतेच कशाला? शस्त्र कायमचं निष्क्रिय करून स्वतःकडे ठेवता येतं, हे मात्र दोन्हीकडच्या कुणाच्या गावीही नाही. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, सवड असेल तरच वाचा.

आधी मागचं थोडक्यात. एप्रिल २०२० मध्ये कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने २२ जणांचे जीव घेतले. त्यानंतर १ मे रोजी ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये यादी वाढली, आता ती अडीच हजारांच्या पुढे आहे. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये १४ जणींना ज्या बंदुकीने मारलं, ती रूगर मिनी-१४ सुद्धा या यादीत आहे. या बंदीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण ज्यांनी रीतसर परवाना काढून, दुकानात पैसे मोजून या बंदुका घेतल्या, ते इतकी वर्षं अधांतरी आहेत. बंदूक कपाटात कुलूपबंद. नेमबाजीच्या रेंजवर न्यायची नाही, विकायची नाही. बंदूक सरकारजमा करून मोबदला घेण्याची योजना आहे, पण सर्वसामान्य मालकांसाठी तिची नोंदणी सुरू झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये, आणि मुदत ३१ मार्चपर्यंत. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनमध्ये या योजनेची आधी चाचणी घेतली, तेव्हा २०० बंदुका येतील असा अंदाज होता, आल्या २५. लोकांचा भरवसा किती उरलाय ते यावरून कळावं.

आमच्या शेजारचे आजोबा मूळचे युक्रेनियन घराण्यातले, तीन पिढ्या इथे शेती. त्यांच्याकडची यादीतली रायफल त्यांच्या दिवंगत भावाची आहे. त्यांना चेक नको, रायफल हवी. झाडता आली नाही तरी चालेल. अशांसाठीच निष्क्रिय करण्याची सोय आहे.

आणि निष्क्रिय म्हणजे चाप काढून ठेवला, असलं काही नाही. नळीचं जे तोंड काडतूस घेतं, तिथे आरपार भोक पाडून नळीच्या आतल्या व्यासाएवढी किंवा त्याहून जाड, कठीण पोलादाची पिन ठोकतात आणि वरून वेल्डिंग करतात. नळी बदलता येऊ नये म्हणून ती मूळ सांगाड्यालाच वेल्ड करतात. बोल्टमधलं, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या भागातलं, फायरिंग पिनचं छिद्र बुजवतात. हे काम अधिकृत कारागीराकडूनच करून घ्यायचं, ते नियमाप्रमाणे झाल्याची तपासणी होते, नोंद होते. त्यानंतर कायद्याच्या लेखी ती बंदूकच उरत नाही, तिला परवानाही लागत नाही. आमच्या एका मित्राने विचारलं, मग खंडेनवमीला पुजायला चालेल का? चालेल की! हळदकुंकवाला ओटावाची हरकत नाही.

वस्तू तुमच्याकडेच राहणार म्हटल्यावर तिची पूर्ण किंमत मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण कारागिराचं बिल सरकारनेच भरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदूक नष्ट केली काय किंवा कायमची बंद पाडली काय, त्यातून पुन्हा गोळी सुटणार नाही, एवढंच तर सरकारला हवंय ना?

मी हे इतकं तावातावाने बोलते त्याचं कारण माझ्या माहेरी आहे. कुडाळ तालुक्यात आमची बाग. वानर आणि रानडुकरं हाकायला बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. वानरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्या काळात नारळाची जी नासधूस व्हायची, तिची भरपाई कुणी दिली नाही. पुढे २०१९ मध्ये भारताच्या शस्त्र कायद्यात बदल झाला, एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. विधेयकात तर आधी एकच होती! तिसरी वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, म्हणाले. सरकार तिचे पैसे देईल असं काही त्या कायद्यात नव्हतं. आजोबांची असेल, पणजोबांची असेल, दिली की गेली. म्हणून इथलं सरकार पैसे देतंय हे ऐकून 'लूट' म्हणून ओरडणाऱ्यांना मी हात जोडते.

उलट्या बाजूलाही सांगते. नोव्हा स्कोशियाच्या त्या खुन्याकडे परवानाच नव्हता, त्याच्या बऱ्याचशा बंदुका अमेरिकेतल्या मेन राज्यातून चोरून आणलेल्या होत्या. त्या सीमेवरच अडवायला हव्या होत्या. शेजारच्या आजोबांची रायफल वेल्ड करून ती वाट बंद होणार नाही. तेव्हा बंदुका परत घेण्याच्या या योजनेने टोरांटोतले गोळीबार थांबतील असं कुणी सांगत असेल, तर माझा विश्वास नाही. सामूहिक हत्याकांडात लागणारं हत्यार सहजी हाती येणार नाही, एवढं झालं तरी मला पुरे.

जाता जाता ग्रुपमधल्या शूटिंगवाल्यांसाठी. यादीतली बंदूक घरात असली तरी कारवाई होत नाही, त्या माफीची मुदत ३० ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्यानंतर यादीतली चालू बंदूक घरात सापडली तर फौजदारी गुन्हा. अल्बर्टा सरकार सहकार्य करणार नाही म्हणतंय म्हणून निवांत बसू नका, फौजदारी कायदा ओटावाच्या हातात आहे, अल्बर्टाची राजधानी एडमंटनच्या नाही.