मावशीची पोत आणि माणा गावचं 'वरदान'

गेल्या रविवारी मावशीकडे पोहे खायला गेलो तर देवघरात अन्नपूर्णेच्या मागे वीजबिलाचा कागद खोचलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेनाने, तिच्या ठसठशीत अक्षरात: 'बद्रीनाथजवळच्या माणा गावात पाऊल टाकताच सात पिढ्यांचं दारिद्र्य जातं.' हा मेसेज घरच्या ग्रुपवर तीनदा आला, मी तीनदा अंगठ्याने वर ढकलला. मावशीने ढकलला नाही. लेकाच्या दुकानाचं कर्ज आहे, म्हणून तिने पोत गहाण ठेवून टूरवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला. कर्ज फेडायला कर्ज! तेव्हा आता सविस्तरच.

मेसेजातली गोष्ट अशी: माणिकशहा नावाचा शिवभक्त व्यापारी. लुटारूंनी मुंडकं उडवलं तरी नामस्मरण चालूच. शंकराने धडावर वराहाचं शीर बसवलं, नाव मणिभद्र ठेवलं आणि इथे येणारा गरीब राहणार नाही असा वर दिला. शेवटी चिकटवलंय, 'महाभारतात लिहिलंय.'

महाभारतात मणिभद्र आहे, मान्य. कुबेराच्या पदरचा यक्ष, व्यापाऱ्यांचा देव. पण कुठे आहे ते तरी उघडून बघा. वनपर्वात, नलोपाख्यानात. नळाने टाकलेल्या दमयंतीला वाटेत व्यापाऱ्यांचा तांडा भेटतो आणि तांड्याचा नायक यक्षराज मणिभद्राची कृपा मागतो. पुढे? तळ्याकाठी मुक्काम पडतो, रात्री रानहत्तींचा कळप येतो आणि झोपलेली माणसं, घोडे, माल, सगळं पायदळी जातं. वाचलेले रडत म्हणतात, मणिभद्राची पूजा राहिली वाटतं. यात माणा नाही, सात पिढ्या नाहीत, 'पाऊल टाकताच' तर नाहीच नाही.

बरं, वरदान असेल तर ते आधी गावकऱ्यांना फळायला हवं. ते तर रोजच तिथे पाऊल टाकतात. माण्याचे भोटिया लोक खिंडीपलीकडे तिबेटशी व्यापार करत. इकडून धान्य-गूळ, तिकडून मीठ-लोकर. १९६२च्या युद्धानंतर तो बंद पडला. आता यात्रेच्या दिवसांत लोकरीच्या टोप्या आणि चहा विकायचा, बर्फाआधी गोपेश्वरच्या बाजूला खाली उतरायचं. पैसा यात्रेकरूच्या खिशातून तिकडे जातो, तिकडून येत नाही. इंदूरच्या माणसाला हे सांगावं लागावं? अहिल्याबाईंनी बद्रीला धर्मशाळा बांधली ती स्वतःच्या खासगीतून, बद्रीहून पोती भरून आणली नव्हती.

'तिथे आजार आणि संकट फिरकत नाही' हे वाचून मात्र डोकं फिरलं. माणा सुमारे ३,२०० मीटरवर, आपलं इंदूर साडेपाचशेवर. एकाहत्तरची मावशी सराफ्यातून राजवाड्यापर्यंत येताना दोनदा टेकते. आणि संकट? २८ फेब्रुवारी २०२५ला याच गावाजवळ हिमस्खलनात सीमेवरच्या रस्त्यांचं काम करणारे ५४ जण अडकले, त्यातले ८ गेले. त्यांनी कोणतं पाऊल टाकलं होतं म्हणे?

'देशातलं शेवटचं गाव': २०२३पासून पाटीच 'पहिलं गाव' अशी आहे. सोडा. 'सरस्वती इथे गुप्त होऊन थेट प्रयागराजला निघते': भीमपुलाखालून ती कानठळ्या बसतील अशी कोसळते आणि जरा खाली केशवप्रयागला अलकनंदेला मिळते. अलकनंदेची देवप्रयागला गंगा होते, तेव्हा पाणी प्रयागराजला पोचतं खरं. एवढं अर्धं सत्य घ्या पदरात. पण सगळा प्रवास उघड्यावरून!

गाव बघण्यासारखंच आहे. बद्रीनाथाचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात तेव्हा मूर्तीवर तुपात माखलेलं लोकरी कांबळं घालतात, ते माण्याच्या बायका-मुली विणतात. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेसेजात हत्ती नव्हते रे." टूरवाला अ‍ॅडव्हान्स परत द्यायला तयार नाही. मंगळवारी पोत सोडवायला मी तिच्याबरोबर जाणार आहे. व्याज मी भरतो. ग्रुपवर तीनदा मेसेज टाकणाऱ्या दादांनी निम्मं दिलं तरी चालेल.