दुखणं अंगावर काढा, जमल्यास दुसऱ्याच्या

अंगात कणकण आहे, नाक गळतंय, घसा बसलाय? मग घरी काय करताय? उठा, आवरा आणि कामावर जा. घरी पडून राहिलेल्या माणसाची कुणी आठवण काढत नाही. तापानं फणफणत आलेल्याचं मात्र साहेब भर मीटिंगमध्ये कौतुक करतात. त्याच मीटिंगमधले चौघे पुढच्या आठवड्यात आडवे होतील, तोवर तुम्ही ठणठणीत. ‘हल्लीच्या लोकांत दमच नाही,’ असं म्हणायला मोकळे.

खोकताना तोंडावर हात धरायचा, हा संस्कार विसरू नका. पण हात म्हणजे तळहातच. कोपरात खोका म्हणणाऱ्यांना दूरदृष्टी नसते. कोपर घेऊन माणूस जाणार कुठे? तळहात बघा कसा कामाचा: एक ढास लागली की तोच हात जिन्याच्या कठड्यावर, मग लिफ्टच्या बटणावर, मग दाराच्या मुठीवर आणि वर पोचताच ‘काय म्हणताय?’ म्हणत समोरच्याच्या हातात. तो बिचारा दोन मिनिटांत डोळा चोळतो. झालं तुमचं काम. मास्क असेल तर हनुवटीला लावा, म्हणजे तो हरवत नाही.

साबणानं २० सेकंद हात धुण्याच्या फंदात पडू नका. व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइसचं काय झालं? शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांना त्यानं १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले आणि सहकाऱ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळातच गेला. हात धुवायला सांगणाऱ्याची ही गत, मग धुणाऱ्याचं काय होईल?

पोराला ताप असेल तर सकाळी औषध पाजा, कपाळ गार लागलं की दप्तर पाठीवर. चार-सहा तासांनी औषध उतरेल, पण तेव्हा ते बाईंच्या ताब्यात असेल.

लसीचा हिशेब सोपा आहे. शंभरातल्या किमान ९५ जणांनी घेतली तर गोवराला पसरायला माणसंच सापडत नाहीत. म्हणजे पाच जागा मोकळ्या, त्यातली एक आपली! गंमत एवढीच, की हा हिशेब शेजाऱ्यालाही येतो आणि त्याच्या शेजाऱ्यालाही. गोवर तसा उद्योगी. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहतो, पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच पसरायला लागतो आणि लस न घेतलेल्यांत एकाकडून १२ ते १८ जणांकडे जातो. एवढा कष्टाळू नोकर घरचं खाऊन तुमच्यासाठी राबतोय, त्याला अडवायचं कशाला?

सर्दीला अँटिबायोटिक घ्या. विषाणूला त्याचं काहीच होत नाही, पण आपल्याला बरं वाटतं. दोन गोळ्यांनंतर बंद करा, उरलेलं पाकीट डब्यात ठेवा; मेव्हण्याला लागेल.

हे लिहिता लिहिता मलाच चार शिंका आल्या. लॅपटॉप ऑफिसचा, उद्या दुसऱ्या पाळीतल्याला द्यायचाय. म्हणून सदऱ्याच्या बाहीनं नीट पुसून ठेवला. मघाशी नाकही त्याच बाहीला पुसलं होतं.