विश्वचषक हलला, कुत्री नाही

भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद. नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले गाऊन गेले, तेव्हापासून दादा पेटलाय. क्रिकेटच्या मैदानावर गाणंबजावणं कशाला? आणि खाली नेहमीची पुस्ती : ‘परदेशात असले चाळे चालत नाहीत. काय रे, तूच सांग!’

सांगतो. मी राहतो लंडनच्या वेम्बलीत, तिथल्या फुटबॉल स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. १९२३ साली ते बांधलं, त्यामागे पुढच्या वर्षीचं ब्रिटिश साम्राज्याचं प्रदर्शन होतं. प्रदर्शन आटोपल्यावर पाडायचंच चाललं होतं. नुसत्या फुटबॉलवर त्याचं पोट भरेना. १९२७पासून तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती लागल्या आणि त्या गल्ल्यावर ते तगलं. १९६६च्या विश्वचषकात उरुग्वे-फ्रान्स सामना लंडनमधल्याच व्हाइट सिटी स्टेडियमला न्यावा लागला, कारण त्या शुक्रवारी वेम्बलीत कुत्री पळायची होती. विश्वचषक हलला, कुत्री हलली नाहीत! पोपची प्रार्थना, ‘लाइव्ह एड’ची मदतनिधीसाठीची मैफल, सगळं तिथेच झालं. जुन्या स्टेडियमचे मनोरे २००३ला पाडले, नवं स्टेडियम २००७ला उघडलं.

आणि मुंबईतलं तुमचं ब्रेबॉर्न? १९३७चं. मैदानाचा मालक क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात प्रेक्षकांच्या जागांवरून भांडण झालं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. तिथे १९७५ला पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नला मात्र १९७३नंतर कसोटी मिळाली ती थेट २००९ला, सेहवागच्या २९३ची. मधल्या काळात तिथे टेनिस झालं, गाणी झाली. मैदान काही विटाळलं नाही.

इथवर टाइप केलं आणि हात थांबला. कार्यक्रम आणखी वाढवू नका, अशी ईमेल गेल्याच महिन्यात कौन्सिलला मीच केली होती. स्टेडियममध्ये कार्यक्रम असला की, म्हणजे इव्हेंट डेला, पार्किंगचं परमिट असूनही मला दोन गल्ल्या सोडून गाडी लावावी लागते. शिवाय रात्री बाराला मेट्रोपोलिटन लाइनच्या ट्यूब स्टेशनकडे निघालेली गर्दी आमच्याच खिडकीखाली गात जाते.

ब्रेबॉर्नचं म्हणाल, तर तिथे मी कधी आत पाऊल टाकलेलं नाही. सभासदांचा क्लब, आमच्यात सभासद कोण? चर्चगेटला उतरलं की बाबा भिंतीकडे बोट दाखवून पेंटॅंग्युलरच्या, म्हणजे स्वातंत्र्याआधी धर्मवार संघांत व्हायच्या त्या क्रिकेट स्पर्धेच्या, गोष्टी सांगायचे, त्याही आजोबांकडून ऐकलेल्या. वेम्बलीतही एकदाच गेलो, तेही गाण्यांना.

वर ‘तुमचं ब्रेबॉर्न’ लिहिलंय ते खोडून ‘आपलं’ केलं, वाचलं, परत ‘तुमचं’ केलं. वेम्बलीच्या मागे ‘आमचं’ लावून पाहिलं, तेही जमेना.

शेवटी दादाला फक्त कुत्र्यांची गोष्ट पाठवली.