संदर्भसूचीनं जीव मेटाकुटीला आणलाय

संशोधनाचा पेपर पुन्हा साभार परत आला, आणि तिसऱ्यांदा संदर्भसूची मोडून रचायला बसले. आधीच्या जर्नलला व्हँकुव्हर पद्धत हवी होती: मजकुरात आकडे, यादीत ६ लेखकांनंतर 'एट अल.', म्हणजे 'आणि इतर'. आताच्या जर्नलला एपीए ही दुसरी पद्धत पाहिजे: कंसात आडनाव आणि वर्ष, यादीत २० जणांपर्यंत सगळी नावं. झोटेरो हे संदर्भ रचणारं सॉफ्टवेअर बरंचसं करतं, पण जिवाणूचं नाव तिरप्या अक्षरांत राहिलंय का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतंच. काल रात्री एक वाजता डीओआयमागचे (लेखाच्या ऑनलाइन ओळखक्रमांकामागचे) पूर्णविराम खोडत होते! अहो, १९७८ साली जर्नलांचे संपादक व्हँकुव्हरला जमले ते हाच जाच कमी करायला ना? पेपर स्वीकारा, मग हवं तसं करून देते. आधी माझं काम तरी वाचा!